पाहुण्याला शहर दाखवणारी माणसे

१. हातात मोबाइल असताना माणूस कशाला?

परक्या शहरात गाइड घ्यावा का, हा प्रश्न सहलीला निघालेल्या बहुतेक घरांत निघतो. नकाशा मोबाइलमध्ये असतो. किल्ल्याची आणि देवळाची माहिती दोन मिनिटांत सापडते, रिक्षाही बसल्या जागी बोलावता येते. मग तिथल्या माणसाला पैसे देऊन किंवा ओळख काढून बरोबर का घ्यायचे?

त्यासाठी ‘दाखवणे’ या कामात काय काय येते ते आधी वेगळे करून पाहावे लागते. पर्यटनाचे समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९८५ साली गाइडच्या भूमिकेची दोन मुळे सांगितली. पहिले वाटाड्याचे. अनोळखी मुलुखातून प्रवाशाला सुखरूप पार करणारा, वाटा आणि पाणवठे ठाऊक असलेला माणूस म्हणजे वाटाड्या. दुसरे मूळ गुरूचे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतली मुले शिक्षण पुरे करण्यासाठी फ्रान्स आणि इटलीच्या लांबलचक सफरीवर जात. त्यांच्यासोबत एक शिक्षक असे आणि समोर दिसणाऱ्या वास्तूचा, चित्राचा, अवशेषाचा अर्थ तो उलगडून सांगे. आजच्या गाइडकडून ही दोन्ही कामे अपेक्षित असतात.

वाटाड्याचे काम मोबाइलने बरेचसे उचलले आहे. गुरूचे कामही पुस्तक थोडेफार करते. मात्र या दोहोंखेरीज तिसरे एक काम उरते, ते ओळख करून देण्याचे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी हे त्याचे चांगले उदाहरण. आळीत शिरताच ठोक्यांचा आवाज येतो. कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर तांब्याचे भांडे टेकवून त्यावर एकाला लागून एक ठोके मारत असतो. एकटा आलेला पाहुणा दारातून डोकावतो, एखादा फोटो काढतो आणि पुढे सरकतो. त्याच आळीत ऊठबस असलेले कोणी बरोबर असेल तर हातोडी थांबते, बसायला जागा होते, भांडे हातात दिले जाते. पत्र्यावर उमटलेल्या त्या गोल खुणा केवळ नक्षीसाठी नसतात, ठोक्यांनी तांबे कडक होते आणि पातळ पत्र्यालाही बळकटी येते, हे त्यानंतर कळते. माहिती तशी ओळभर. पण कारागिराच्या शेजारी बसून ती ऐकायची तर मध्ये एक ओळखीचा माणूस लागतो.

२. स्थानिकाला काय ठाऊक असते, काय नसते

स्थानिक माणसाच्या सल्ल्याचे मोल त्यातल्या वेळापत्रकात असते. वेरूळ-अजिंठ्याचेच पाहा. समजा, एका कुटुंबाकडे छत्रपती संभाजीनगरात सोमवार आणि मंगळवार असे दोनच दिवस आहेत. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, हा एकच क्रम जमतो. उलटा क्रम लावणाऱ्याला दोन्ही दिवशी बंद फाटक दिसते. ही झाली पहिली पायरी.

दुसरी पायरी उजेडाची. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून कैलास लेण्यावर ऊन नीट पडते ते दुपारनंतर. तिसरी पायरी गर्दीची. घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग लेण्यांपासून अगदी जवळ आहे, आणि सोमवारी, त्यातही श्रावणातल्या सोमवारी, तिथे रांग मोठी असते. दर्शनही घ्यायचे असेल तर ते पहाटे उरकावे आणि मग लेण्यांकडे वळावे. अजिंठ्याचा हिशेब निराळा. शहरापासून अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे आणि शेवटचे चारेक किलोमीटर फर्दापूरच्या फाट्यावरून बसनेच जावे लागते. त्या बसचा आणि रांगेचा वेळ न धरणारा पाहुणा भर दुपारी लेण्यांशी पोहोचतो. यातली एकेक गोष्ट कुठल्या ना कुठल्या पुस्तकात असते. चारही एकत्र गुंफून ‘सोमवारी असे करा, मंगळवारी तसे करा’ एवढेच सांगतो तो तिथला माणूस.

स्थानिकाच्या ज्ञानाला आंधळी बाजूही आहे. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला शनिवारवाड्याची तिकीटखिडकी किती वाजता बंद होते हे बहुधा सांगता येत नाही, कारण तिकीट काढून आत गेल्याला त्याला वीस-वीस वर्षे झालेली असतात. त्याचे ‘पाच मिनिटांवर आहे’ हे रोज चालणाऱ्या पायांचे माप असते. लहान मूल आणि गुडघे दुखणारी आजी बरोबर असली की त्याची वीस मिनिटे होतात. शिवाय प्रत्येक जण स्वतःच्या पेठेला, स्वतःच्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या वर्तुळाला शहर समजतो. कोथरूडकराचे पुणे आणि कॅम्पातल्या रहिवाशाचे पुणे यांत हॉटेलांची नावेसुद्धा जुळत नाहीत. म्हणून एकाच स्थानिकाचा सल्ला म्हणजे शहराचा सल्ला, असे धरून चालू नये.

यापुढे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. शहर दाखवणाऱ्याला मोबदला कुठून मिळतो, यावर तो काय दाखवतो हे मोठ्या प्रमाणात ठरते. दक्षिणा, पगार, बक्षिसी, दलाली किंवा निव्वळ आनंद, अशा प्रत्येक मोबदल्यातून शहराचे एक वेगळे रूप पाहुण्यापुढे येते.

३. क्षेत्रोपाध्यांची चोपडी

गावी आलेल्या परक्याची सोय लावून त्याला गाव दाखवण्याचा व्यवसाय भारतात फार जुना आहे. काशी, गया, प्रयाग, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर या क्षेत्री तो तीर्थोपाध्यांच्या हाती होता आणि काही अंशी आजही आहे. नाशकात रामकुंडाशी आलेल्या यात्रेकरूला आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. त्यावरून त्याच्या घराण्याचे उपाध्ये कोण हे ठरते. त्यांच्याकडच्या लांबट चोपड्यांत त्या घराण्यातून पूर्वी कोण आले, बरोबर कोण होते, कोणाचे क्रियाकर्म झाले, याच्या नोंदी असतात. कधी कधी आजोबा-पणजोबांची मोडीतली सहीही निघते. ती पाहून भल्याभल्यांचे डोळे ओले होतात.

रेल्वेच्या आधीच्या काळात उपाध्ये यात्रेकरूच्या उतरण्याची सोय करत, जेवणाचे पाहत, कोणते देऊळ आधी आणि कोणते नंतर ते ठरवून देत, अडचणीत उसने पैसेही देत. ही वृत्ती वतनासारखी वारशाने चाले. भावांत तिच्या वाटण्या होत, ती गहाण पडे, तिच्यावरून तंटेही होत. या व्यवस्थेचा मोठा गुण म्हणजे संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा असे. आज फसवलेल्या यजमानाचा मुलगा उद्या फिरकणार नाही, ही जाणीव उपाध्यांना असे.

मर्यादाही त्याच जागी होती. दक्षिणा धर्मकृत्यांची, म्हणून दाखवले जाई ते तीर्थ. काशीच्या मदनपुऱ्यातले विणकर आणि त्यांचे माग यात्रेच्या क्रमात बसत नसत. यात्रेकरू घाट, विश्वेश्वर आणि अन्नपूर्णा पाहून परते. बनारसी शालू घेऊन घरी येई, पण तो विणणारी वस्ती त्याने पाहिलेली नसे.

४. पैसे न घेणारे न्यूयॉर्ककर

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभी आहे ती ‘ग्रीटर’ मंडळींची चळवळ. तिची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली आणि ती का झाली हे समजून घेण्यासारखे आहे. १९९० साली त्या शहरात २,२०० हून अधिक खून झाले. सिनेमात आणि बातम्यांत दिसे ते न्यूयॉर्क भुयारी रेल्वेतल्या लूटमारीचे. लिन ब्रूक्स या न्यूयॉर्ककर बाईंना प्रवासात भेटणारे लोक सांगत, की तुमचे शहर महाग आहे, अवाढव्य आहे आणि तिथे यायची भीती वाटते. ब्रूक्सबाईंना ठाऊक असलेले शहर तसे नव्हते. त्यात कोपऱ्यावरचा ओळखीचा बेकरीवाला होता, बागेतले बुद्धिबळाचे पट होते, शेजार होता. तो शेजार पाहुण्याला दाखवायचा, एवढ्याच कल्पनेवर त्यांनी १९९२ साली ‘बिग ॲपल ग्रीटर’ सुरू केले.

पाहुणा काही आठवडे आधी अर्ज करतो. त्यात येण्याच्या तारखा, भाषा, आवडीनिवडी आणि किती चालवेल हे लिहितो. कार्यालय या माहितीशी जुळणारा स्वयंसेवक शोधते. ठरल्या दिवशी तो पाहुण्याला भेटतो आणि दोन ते चार तास बरोबर फिरतो. पायी आणि सार्वजनिक वाहनाने. गटात सहापेक्षा अधिक माणसे नसतात. शुल्क नाही आणि बक्षिसीही घ्यायची नाही, हा नियम.

यातला सहा माणसांचा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण साऱ्या व्यवस्थेचा आधार तोच आहे. सहा जण एका टेबलाभोवती बसू शकतात, फुटपाथवर कोणाची वाट न अडवता चालू शकतात आणि मुख्य म्हणजे आपापसात बोलू शकतात. तीस जणांपुढे भाषणच करावे लागते. ग्रीटरकडून भाषणाची अपेक्षा नसते. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये राहणारा ग्रीटर पाहुण्याला भारतीय वाणसामानाच्या दुकानांवरून नेतो, पुढे तिबेटी मोमोच्या गाड्यांपाशी थांबतो, त्यापलीकडच्या कोलंबियन बेकरीत कॉफी घेतो आणि आपण हे घर भाड्याने कसे मिळवले ते सांगतो. भुयारी रेल्वेचे तिकीट कसे काढायचे आणि जलद गाडी कोणत्या स्थानकांवर थांबत नाही, हेही तो प्रत्यक्ष करून दाखवतो. उरलेले दिवस पाहुणा एकटा, न भिता फिरतो. भीती घालवायला यापेक्षा सोपा उपाय क्वचितच सुचेल.

स्वयंसेवकाला यातून काय मिळते? निवृत्त माणसाला हक्काचे श्रोते मिळतात, भाषा शिकणाऱ्याला सराव मिळतो, आणि आपल्या गल्लीकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला मिळते. शहराचाही फायदा होतो, कारण टाइम्स स्क्वेअरपलीकडे न जाणारा पाहुणा ब्रुकलिन आणि ब्रॉन्क्समध्ये जाऊन जेवतो. शिकागोने २००२ साली असा उपक्रम सुरू केला, पॅरिसमध्ये तो २००७ साली आला. आज जगभर शंभराहून अधिक ठिकाणी ग्रीटर आहेत.

जपानने हे काम वेगळ्या अंगाने केले. तिथल्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने १९७९ पासून ‘गुडविल गाइड’ नावाने परकी भाषा येणाऱ्या नागरिकांचे जाळे उभारले. गाइड मानधन घेत नाही, मात्र त्याचे बसभाडे, प्रवेशतिकीट आणि बरोबर घेतलेले जेवण पाहुण्याने द्यायचे असते. ही तडजोड शहाणपणाची आहे. स्वयंसेवकाने वेळ द्यावा, पदरमोड करू नये.

टोरोंटोमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘जेन्स वॉक’मध्ये तर पाहुणा आणि यजमान हा भेदच पुसट होतो. शहरांवर मूलगामी लिहिणाऱ्या जेन जेकब्स २००६ साली वारल्या. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, त्यांच्या वाढदिवसाच्या सुमारास, रहिवासीच एकमेकांना आपापला भाग फिरून दाखवतात. अनेक देशांतल्या शहरांनी ही पद्धत उचलली.

ग्रीटरची पद्धत सगळ्यांच्या सोयीची नाही. आज पोहोचलो आणि उद्या हवा, असा ग्रीटर मिळत नाही. पन्नास जणांच्या सहलीला तो मिळत नाहीच. त्याला इतिहास कच्चा येत असण्याची शक्यता असते. ज्याला एखाद्या संग्रहालयातली चित्रे नीट समजून घ्यायची आहेत, त्याने पगारी आणि शिकलेला गाइड घेतलेला बरा.

५. ‘फुकट’ फेरीचे गणित

युरोपातल्या शहरांत आज ज्या ‘फ्री टूर’च्या जाहिराती दिसतात, त्या ग्रीटरसारख्या समजणे ही नेहमी होणारी गल्लत आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बर्लिनमध्ये या पद्धतीने जोर धरला. फेरी सुरू होताना पैसे मागत नाहीत. शेवटी ज्याला जितके द्यावेसे वाटेल तितके त्याने द्यायचे.

आता हिशेब मांडू. समजा, फेरीला २० जण आले आणि प्रत्येकाने सरासरी १० युरो दिले. जमा २०० युरो. पण गिऱ्हाईक मिळवून देणारी कंपनी अनेकदा गाइडकडून माणशी ठरावीक रक्कम घेते. ती ३ युरो धरली तर ६० युरो गेले आणि गाइडला १४० उरले. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, सहाच जण आले आणि त्यांनी पाच-पाच युरो दिले. जमा ३०, कंपनीचे १८, हाती १२. अडीच तास भिजत बोलण्याची ही कमाई. म्हणजे फेरी फुकट नसते. तोट्याचा धोका कंपनीवरून आणि पाहुण्यावरून उतरून गाइडच्या डोक्यावर गेलेला असतो, एवढेच.

या हिशेबाचा परिणाम बोलण्यावर होतो. गट मोठा असणे गाइडच्या हिताचे, म्हणून तीस-चाळीस माणसे एकत्र हिंडतात. शेवटी खिशात हात जावा म्हणून कथा रंगतदार व्हावी लागते. हिटलरच्या तळघराची जागा बर्लिनच्या फेऱ्यांत हटकून येते. आज तिथे वाहनतळ आणि एक माहितीफलक आहे, पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, तरी गोष्ट जबरदस्त असल्याने गट तिथे थांबतात. या पद्धतीतही जीव ओतून काम करणारे, अभ्यासू गाइड पुष्कळ आहेत. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे, की फेरी आवडली तर रीतसर फेरीला मोजले असते त्याच्या आसपास पैसे द्यायला हवेत.

६. दलाली

दलालीचा मोबदला पाहुण्याला दिसतच नाही. गाइड ३०० रुपयांत शहर दाखवायला तयार होतो. समजा, वाटेतल्या दुकानात पाहुण्याने १०,००० रुपयांचा गालिचा घेतला आणि दुकानदाराने २० टक्के दलाली दिली. गाइडला २,००० मिळाले. आता किल्ल्यात घालवलेला प्रत्येक तास त्याच्या दृष्टीने नुकसानीचा. म्हणून किल्ला चाळीस मिनिटांत आटपतो आणि ‘कारखाना’ दीड तास चालतो. दलालीची रक्कम अर्थात गालिच्याच्या किमतीतच चढवलेली असते.

आग्रा-जयपूरकडे पर्यटकांच्या मागे लागणाऱ्यांना ‘लपके’ म्हणतात. राजस्थानने २०१० साली पर्यटन व्यवसायाचा कायदा करून त्यांना आळा घालण्याचा प्रयत्न केला. पाहुण्याच्या हाती उपाय साधा आहे. सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचे, की खरेदी करायची नाही, त्याऐवजी ठरल्यापेक्षा थोडे अधिक पैसे देऊ. बहुतेक गाइडांना हा व्यवहार समजतो आणि पटतोही.

७. अहमदाबाद: महापालिकेने दाखवलेले शहर

शहर दाखवण्याचे काम नगरपालिकेने अंगावर घेतले तर काय होते, याचे भारतातले उत्तम उदाहरण अहमदाबादचे आहे. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या महापालिकेने ‘क्रुटा’ या संस्थेच्या मदतीने ‘हेरिटेज वॉक’ सुरू केला. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे आणि जामा मशिदीशी संपवायचे, असा मार्ग ठरला. मंदिर १८२२ चे, मशीद १४२४ ची. मधली वाट जुन्या शहराच्या पोळींतून जाते.

पोळ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली घरांची गल्ली. आत शिरताच चौकात खांबावर उभारलेला चबुतरा दिसतो. पक्ष्यांना दाणे घालण्यासाठीचे ते कोरीव काम केलेले छोटे घरच असते. लंबेश्वरनी पोळीपाशी कवी दलपतरामांच्या घराची जागा आहे. तिथे घराची दर्शनी बाजू राखून पुढे कवीचा पुतळा बसवला आहे, तोही शेजाऱ्याने घरापुढे टेकावे तसा बसलेला. पुढे काळ्या रामजीचे देऊळ, लाकडी कोरीवकामाची जैन देरासरे, हरकुंवर शेठाणींची हवेली आणि शेवटाकडे माणेक चौक. घराघरांत पावसाचे पाणी साठवणारी टाकी अंगणाखाली दडलेली असते, आणि एका पोळीतून दुसरीत उघडणारी चोरवाट नकाशात कधीच नसते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इथे पेशवे आणि गायकवाड यांचा जोडअंमल होता. गायकवाडांची हवेली आजही उभी आहे, त्यामुळे मराठी पाहुण्याला हे शहर अगदीच परके नाही.

ही फेरी सकाळी ठेवण्यात विचार आहे. त्या वेळी पोळींत पूजा चालू असते, दूधवाले येतात, दारे उघडी असतात, वाहने कमी असतात. संपते ती बाजार उघडताना. शुल्क माफक ठेवलेले. गाइडला दलालीची गरज नाही आणि पाहुण्याला खूश करण्याची सक्ती नाही, म्हणून रेंगाळायला सवड मिळते. मोठा बदल झाला तो रहिवाशांत. रोज सकाळी परगावचे लोक येऊन आपल्या खिडकीची चौकट निरखतात, हे पाहिल्यावर ती चौकट विकून काँक्रीट ओतण्याआधी घरमालक दोनदा विचार करू लागतो. जुलै २०१७ मध्ये अहमदाबादला भारतातले पहिले जागतिक वारसा शहर म्हणून युनेस्कोची मान्यता मिळाली. त्यामागे अनेकांचे प्रयत्न होते, पण वीस वर्षे रोज निघणाऱ्या या फेरीने जमीन तयार केली होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

मुंबईत हे काम प्रामुख्याने नागरिकांनी केले. दोन वास्तुविशारद स्त्रियांनी १९९९ साली ‘बॉम्बे हेरिटेज वॉक्स’ सुरू केले, तर ‘खाकी टूर्स’ २०१५ पासून फोर्ट, गिरगाव, बाणगंगा अशा भागांत फिरवते. अशा फेऱ्यांना येणारे कितीतरी लोक मुंबईचेच असतात. ज्या गल्लीवरून वीस वर्षे लोकल पकडायला धावलो, ती ते पहिल्यांदाच थांबून पाहतात.

८. वस्ती दाखवावी का?

सगळ्यात अवघड प्रश्न गरीब वस्त्यांचा. धारावीत ‘रिॲलिटी टूर्स’ ही संस्था २००६ पासून फेऱ्या नेते. गट लहान, फोटो काढायला मनाई, नफ्याचा मोठा भाग वस्तीतल्या शिक्षणाच्या कामाला, आणि गाइड पुष्कळसे तिथलेच. फेरीत कुंभारवाडा, चामड्याचे आणि प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणणारे कारखाने पाहायला मिळतात. दिल्लीत सलाम बालक ट्रस्टच्या फेऱ्या रेल्वे स्थानकाच्या आणि पहाडगंजच्या परिसरात निघतात, आणि त्या नेणारे तरुण स्वतः कधीकाळी त्याच रस्त्यांवर राहिलेले असतात.

दारिद्र्याचे प्रदर्शन, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र उत्तर नियमांत सापडते. कॅमेरा बंद असेल, बोलणारा तिथलाच असेल, त्याने काय सांगायचे हे त्यानेच ठरवले असेल आणि पैसा वस्तीत राहत असेल, तर पाहुणा धारावीला उद्योगाची वस्ती म्हणून ओळखू लागतो. यातली एक अट जरी सुटली तरी आक्षेप खरा ठरतो.

९. परवाना असावा की नसावा?

शहराविषयी बोलायला सरकारची परवानगी का लागावी? अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये पैसे घेऊन शहर दाखवायचे तर जवळजवळ ५०० पानांच्या पुस्तकावर २०० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागे. काही इच्छुकांनी ते भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचा दावा केला. २०१८ साली न्यायालयाने तो मान्य केला आणि २०२० साली अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. वॉशिंग्टनची परीक्षा २०१४ सालीच रद्द झाली होती. पण त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्सचा परवाना मात्र दुसऱ्या न्यायालयाने वैध ठरवला.

जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यांना मोबदला घेऊन दुभाषी-गाइड म्हणून फिरवायला परवाना सक्तीचा होता. पाहुण्यांची संख्या वाढली, परवानाधारक पुरेनात, तेव्हा २०१८ पासून सक्ती उठवली आणि परवानाधारकांची पदवी तेवढी राखीव ठेवली. लंडनमध्ये ‘ब्लू बॅज’ मिळवण्यासाठी लांब अभ्यासक्रम आणि परीक्षा असतात. भारतात केंद्राचे आणि राज्यांचे मान्यताप्राप्त गाइड असतात. संरक्षित स्मारकांपाशी त्यांचे ओळखपत्र पाहण्याची मुभा पाहुण्याला आहे, आणि ते त्याने मागावे.

परवान्याने किमान माहितीची, ओळखीची आणि तक्रार करण्याच्या जागेची खात्री मिळते. सोबत रंगेल याची खात्री तो देत नाही. वाहन चालवण्याचा परवाना असलेला प्रत्येक जण आपल्याला घाटातून न्यावा असा असतोच असे नाही, तसेच हे.

१०. रहिवाशांची बाजू

चांगला सल्ला फार पसरला की तो सल्ला देणाऱ्यावरच उलटतो. बार्सिलोनात पार्क ग्वेलजवळच्या चढावरून ११६ क्रमांकाची लहान बस धावते. पर्यटकांनी ती इतकी भरली, की वस्तीतल्या म्हाताऱ्यांना चढता येईना. अखेर २०२४ साली तो मार्ग गुगलच्या नकाशावरून काढून टाकण्यात आला. व्हेनिसने त्याच वर्षी गटावर २५ माणसांची मर्यादा घातली आणि गाइडांच्या ध्वनिवर्धकांवर बंदी आणली. ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये गटाची मर्यादा १५ वर आणली आणि वेश्यांच्या खिडक्यांसमोरून गट नेण्यास मनाई केली. पणजीच्या फोंतेन्हासमधले रहिवासीही रंगीत भिंतींपुढे, त्यांच्या उंबऱ्यांवर चालणाऱ्या फोटोसत्रांनी त्रासले आहेत. काही घरांवर तशा विनंत्यांचे फलकच लागले आहेत.

म्हणून समजदार स्थानिक सगळेच सांगत नाही. गर्दी पेलू शकतील अशा जागा तो मोकळेपणी सुचवतो आणि देवघर, अंगण, प्रार्थनेची वेळ यांबाबत हात राखून बोलतो. पाहुण्याने त्याचा मान ठेवावा.

११. सल्ला कसा मागावा

‘पुण्यात दोन दिवसांत काय पाहू?’ या प्रश्नाला ठरीव यादीच मिळते. त्याऐवजी असे विचारावे: ‘शनिवारी सकाळी सात वाजता स्टेशनवर उतरतो, आई सत्तरीची आहे, जिने चढवत नाहीत, जुने वाडे पाहायची हौस आहे, जेवण साधे हवे, संध्याकाळी पाचला परत निघायचे.’ यात वेळ, अंगातली ताकद, आवड आणि मर्यादा, चारही गोष्टी आल्या. उत्तर देणाऱ्याला आता विचार करता येतो. शक्य असेल तर हाच प्रश्न वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या दोघातिघांना विचारावा. ज्या ठिकाणी सगळ्यांचे एकमत होते ते प्रसिद्ध स्थळ. ज्याचे नाव एकानेच, पण कारणासकट सांगितले, तिथे आवर्जून जावे.

पगारी गाइडशी निघण्याआधी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: किती तास, किती पैसे, प्रवेशतिकीट कोणाचे आणि दुकानात जायचे की नाही. गाइड स्वयंसेवक असेल तर गट सहाच्या आत ठेवावा, अर्ज काही आठवडे आधी करावा आणि बेत रद्द झाला तर आदल्या दिवशी तरी कळवावे. कारण तो माणूस त्या सकाळी स्वतःचे काम बाजूला ठेवून कोपऱ्यावर वाट पाहत उभा राहणार असतो.